ऑनलाइन व्यापारातील ग्राहक संरक्षण (मुंबई उपनगर)

ऑनलाइन व्यापारातील ग्राहक संरक्षण म्हणजे संकेतस्थळ, मोबाइल ॲप किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वस्तू अथवा सेवा विकत घेणाऱ्या व्यक्तीला भारतीय कायद्याने दिलेले हक्क, आणि ते हक्क बजावून घेण्यासाठी उभारलेली यंत्रणा. या व्यवस्थेचा मुख्य आधार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, वैधमापनशास्त्राचे नियम आणि भारतीय रिझर्व्ह बँकेची परिपत्रके त्याला पूरक ठरतात.

प्रस्तुत लेखात ही व्यवस्था मुंबई उपनगर जिल्ह्यातील कुर्ला या उपनगराच्या संदर्भात दिली आहे. कुर्ल्यातील ग्राहक मोबाइलवरून वस्तू मागवतो तेव्हा विक्रेता सुरतेत, वस्तूचे कोठार भिवंडीत, विक्रीमंचाचे कार्यालय बंगळूरूत आणि पैसे वळते करणारी बँक आणखी कोठे तरी असू शकते. वस्तू सदोष निघाली तर जबाबदार कोण आणि दाद कोणत्या गावी मागायची, हे या विषयातील दोन मूलभूत प्रश्न आहेत. गेल्या काही दशकांतील कायद्याची वाटचाल बऱ्याच अंशी याच दोन प्रश्नांभोवती झाली आहे.

पार्श्वभूमी

ग्राहक चळवळीच्या इतिहासात मुंबई व पुणे यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत कार्यरत आहे. पुढे केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ संमत केला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली तो २४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

१९८६ च्या कायद्यासमोर असलेला ग्राहक दुकानात जाणारा होता. कुर्ला स्थानकालगतच्या बाजारात किंवा २०११ मध्ये लालबहादूर शास्त्री मार्गावर सुरू झालेल्या फिनिक्स मार्केटसिटीत खरेदी करणाऱ्याला विक्रेत्याचा पत्ता शोधावा लागत नाही, कारण तो त्या पत्त्यावर स्वतःच गेलेला असतो. वस्तू हातात घेऊन, उलटसुलट पाहून मगच पैसे मोजण्याची सोयही त्याला असते. ऑनलाइन खरेदीत या दोन्ही गोष्टी नाहीशा होतात.

करार कोठे होतो

दोन गावी असलेल्या व्यक्तींमध्ये यंत्राद्वारे करार झाला तर तो कोणत्या गावी झाला असे मानावे, हा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. त्यावरील भारतातील प्रमुख निकाल विदर्भातील खामगाव येथील एका व्यवहारातून आला. जुलै १९५९ मध्ये अहमदाबाद येथील व्यापाऱ्यांनी खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल न मिळाल्याने त्यांनी अहमदाबादेत दावा लावला. करार खामगावात झाला असल्याने अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकारच नाही, असे प्रतिवादींचे म्हणणे होते.

भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट १९६५ रोजी बहुमताने निर्णय दिला की, दूरध्वनीवरील करार जेथे स्वीकृती ऐकू येते तेथे पूर्ण होतो. पत्राच्या बाबतीत नियम वेगळा आहे. स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले की करार पुरा होतो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. त्यांच्या मते १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या शब्दांनुसार करार खामगावातच झाला होता, आणि कायदा करणाऱ्यांना दूरध्वनी ठाऊक नव्हता एवढ्यावरून ते शब्द बदलता येत नाहीत. निकालातील बहुमत प्रमाण ठरले तरी या भिन्न मताने उपस्थित केलेला मुद्दा प्रत्येक नव्या माध्यमाच्या वेळी पुन्हा पुढे येतो.

ऑनलाइन खरेदीत ग्राहक मागणी नोंदवतो ती सामान्यतः त्याची प्रस्तावना असते. विक्रेत्याचा होकार संदेशाद्वारे नंतर येतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १३ नुसार, पक्षकारांनी वेगळे ठरवले नसल्यास, इलेक्ट्रॉनिक अभिलेख पाठवणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून निघाला आणि घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी पोहोचला असे मानले जाते. ज्याला व्यवसायाचे ठिकाण नाही त्याच्या बाबतीत राहण्याचे ठिकाण धरले जाते. सर्व्हर कोठे आहे याला महत्त्व नाही. ही तरतूद आणि खामगावचा निकाल एकत्र वाचल्यास कुर्ल्यात राहणाऱ्या ग्राहकाच्या कराराचे ठिकाण कुर्ला ठरवता येते. याच कायद्यातील कलम १०-अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला या कारणाने निष्फळ ठरत नाही.

व्यवहारात मात्र ग्राहकाला हा युक्तिवाद सहजासहजी वापरता येत नसे. अटी व शर्तींच्या लांबलचक मजकुरात कोठे तरी ‘सर्व वाद केवळ अमुक शहरातील न्यायालयांच्या अधीन राहतील’ असे एक वाक्य असे, आणि ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवताना ते वाचणारा ग्राहक विरळाच. विमानाचे तिकीट ऑनलाइन काढणाऱ्या एका प्रवाशाच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २०१७ मध्ये असे ठरवले की, इंटरनेटवरील करारात वादाचे कारण ग्राहकाच्या ठिकाणीही अंशतः उद्भवते. त्यामुळे तेथील मंचाला तक्रार ऐकता येते.

२०१९ चा अधिनियम आणि आयोगाची हद्द

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ला ९ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि त्यातील बहुतांश तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या. ‘वस्तू विकत घेणे’ आणि ‘सेवा घेणे’ यांत ऑनलाइन व्यवहारांचा समावेश होतो, असे या कायद्यात स्पष्टपणे म्हटले आहे. ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल कलम ३४ मध्ये आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी स्वतः काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे आता तक्रार दाखल करता येते. करार कोठे झाला या वादाचे महत्त्व त्यामुळे ग्राहकापुरते बरेचसे संपले.

कुर्ला हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या तीन तालुक्यांपैकी एका तालुक्याचे नाव आहे. अंधेरी व बोरिवली हे उरलेले दोन होत. चेंबूर, घाटकोपर, मुलुंड हा पूर्व उपनगरांचा पट्टा कुर्ला तालुक्यातच मोडतो. जिल्ह्यासाठी वांद्रे (पूर्व) येथे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कल्याण किंवा टिटवाळ्याला राहून कुर्ल्यात नोकरी करणाऱ्या व्यक्तीला ठाणे जिल्ह्याबरोबरच मुंबई उपनगराचाही पर्याय उपलब्ध असतो.

वस्तू वा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे, ५० लाखांहून अधिक व २ कोटींपर्यंत असल्यास राज्य आयोगाकडे आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोगाकडे जाते. मूळ कायद्यात या मर्यादा १ कोटी व १० कोटी होत्या. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी त्या कमी करण्यात आल्या. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क आकारले जात नाही. ऑनलाइन खरेदीच्या बहुतेक तक्रारी या निःशुल्क गटातच बसतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

ग्राहक कोणाला म्हणावे, याविषयी कुर्ल्यासारख्या मिश्र वस्तीत नेहमी उद्भवणारे दोन मुद्दे आहेत. पुनर्विक्रीसाठी माल मागवणारा दुकानदार ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला शिलाई यंत्र मागवणारा शिंपी मात्र ग्राहक ठरतो. दुसरा मुद्दा नावाचा. आईसाठी लागणारे मिक्सर मुलगा आपल्या मोबाइलवरून मागवतो आणि बिल मुलाच्या नावे निघते. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येनुसार ग्राहकच आहे.

विक्रीमंचाची जबाबदारी

भारतातील मोठे विक्रीमंच स्वतःला दुकान न म्हणता बाजारपेठ म्हणवतात. यामागे परकीय गुंतवणुकीचे धोरण आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या बहुब्रँड मंचाला स्वतःच्या मालकीचा माल ग्राहकाला विकता येत नाही, केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून देता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७९ अशा मध्यस्थाला इतरांनी पुरवलेल्या माहितीच्या दायित्वापासून सशर्त संरक्षण देते. ‘आम्ही फक्त जागा पुरवतो’ हा ग्राहक तक्रारींतील नेहमीचा बचाव या कलमावर आधारलेला असतो.

२३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेल्या ई-कॉमर्स नियमांनी हे संरक्षण काढून घेतलेले नाही, परंतु त्याला कर्तव्ये जोडली आहेत. विक्रेत्याचे नाव, भौगोलिक पत्ता व ग्राहक सेवा क्रमांक मंचाने दाखवला पाहिजे. वस्तूचा मूळ देश, परताव्याच्या अटी व हमी यांची माहिती खरेदीपूर्वी मिळाली पाहिजे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे. संमतीची चौकट आधीच खूण करून ठेवण्यास मनाई आहे. कंपनी स्वतः मागणी रद्द करते तेव्हा तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही रद्द करण्याचे शुल्क घेता येत नाही. विक्रेत्याने ग्राहक बनून खोटे अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. वस्तू सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा ठरल्या वेळेनंतर पोहोचली असेल तर ती परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. विलंबाचे कारण दैवी आपत्ती असल्यास अपवाद आहे.

मंचाची जबाबदारी कोठवर जाते हे प्रेशर कुकरच्या प्रकरणांत दिसून आले. घरगुती प्रेशर कुकरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. तरीही चिन्ह नसलेले कुकर मंचांवर विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनला असे २,२६५ कुकर परत मागवण्याचे, ग्राहकांना पैसे परत करण्याचे आणि १ लाख रुपये दंड भरण्याचे आदेश दिले. त्याच महिन्यात फ्लिपकार्टला ५९८ कुकरांबाबत तसाच आदेश व तेवढाच दंड झाला. ॲमेझॉनला या विक्रीतून सुमारे ६ लाख १४ हजार रुपये शुल्क मिळाले होते. प्रत्येक विक्रीमागे उत्पन्न मिळवणारा मंच सुरक्षिततेचा प्रश्न आला की हात झटकू शकत नाही, ही प्राधिकरणाची भूमिका होती. दंडाची रक्कम अशा कंपन्यांसाठी नगण्य असली तरी माल परत मागवण्याचा आदेश आणि त्यामागचे तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे.

विक्रेता नाहीसा झाला तर नुकसान मंचाने भरून द्यावे, अशी तरतूद जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात होती. त्यावर उद्योगांकडून हरकती आल्या आणि २०२४ अखेरपर्यंत तो मसुदा नियमांत उतरला नव्हता. अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणातील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार मात्र सदोष उत्पादनामुळे इजा झाल्यास काही परिस्थितींत विक्रेत्यालाही भरपाई द्यावी लागते. उत्पादकाची ओळखच पटत नसणे ही त्यांपैकी एक होय.

फसव्या मांडणीवरील निर्बंध

ग्राहकाला नकळत हव्या त्या निर्णयाकडे ढकलणाऱ्या पडद्यावरील मांडणीला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांची नोंद आहे. ‘फक्त दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत न विचारता टाकलेली देणगी वा विमा, अखेरच्या टप्प्यावर उघड होणारे शुल्क आणि सुरू करण्यास सोपे पण बंद करण्यास अवघड असे वर्गणीचे सापळे हे त्यांतील नित्य अनुभवाचे प्रकार आहेत.

देयके व आर्थिक फसवणूक

मिठी नदीकाठच्या वांद्रे-कुर्ला संकुलात भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाचे मुख्यालय आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही प्रणाली हेच महामंडळ चालवते. दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून वजा झाले पण त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावे लागतात. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देय होते.

अनधिकृत व्यवहारांबाबत ६ जुलै २०१७ चे परिपत्रक महत्त्वाचे आहे. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून व्यवस्थेतील अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर कोणताही भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास भार मर्यादित राहतो. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर असते.

ऑनलाइन खरेदीशी या परिपत्रकाचा थेट संबंध आसाममधील एका प्रकरणात आला. ऑनलाइन घेतलेला कोट परत करू इच्छिणाऱ्या ग्राहकाला ग्राहक सेवेच्या नावाने तोतयाचा दूरध्वनी आला आणि त्याच्या खात्यातून ९४,२०४ रुपये गेले. त्याने लगेच तक्रार केली होती. गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्टेट बँकेला जबाबदार धरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयानेही जून २०२४ मध्ये याच परिपत्रकाच्या आधारे एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा आदेश बँक ऑफ बडोदाला दिला.

फसवणूक लक्षात येताच बँकेबरोबरच १९३० या क्रमांकावर कळवल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता वाढते. येथे तासांचाही फरक पडतो. ओळख लपवून इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेल्या फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बँकेच्या उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

अन्न व औषधे

झटपट घरपोच सेवेमुळे किराणा व खाद्यपदार्थ आता वस्तीतील छोट्या कोठारांतून येतात. या कोठारांत ग्राहकाला प्रवेश नसतो. साहजिकच तेथील स्वच्छता तपासण्याचा भार सर्वस्वी अन्न व औषध प्रशासनावर पडतो. जून २०२५ मध्ये या प्रशासनाने कुर्ल्याच्या शेजारील धारावीतील झेप्टोच्या कोठाराचा अन्न व्यवसाय परवाना निलंबित केला. काही पदार्थांवर बुरशी आढळणे आणि मुदतबाह्य माल वेगळा न ठेवणे अशा त्रुटी तपासणीत नोंदवल्या गेल्या होत्या. औषधांच्या ऑनलाइन विक्रीसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये स्वतंत्र नियमांचा मसुदा काढला, परंतु त्याला अंतिम रूप मिळण्याचे काम रेंगाळले.

तक्रारीची पद्धत व पुरावा

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करणे ही सामान्यतः पहिली पायरी असते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतूनही तक्रार घेते. ती कंपनीशी संपर्क साधून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते, तिला न्यायनिर्णयाचा अधिकार नाही. आयोगाकडील तक्रार ऑनलाइन दाखल करण्यासाठी सप्टेंबर २०२० मध्ये ई-दाखिल आणि जानेवारी २०२५ मध्ये ई-जागृती हे संकेतस्थळ सुरू झाले. वकील नेमणे सक्तीचे नाही. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा आयोगाला वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये १९८६ च्या कायद्यातील अशाच तरतुदीबाबत स्पष्ट केले.

पुराव्याची बाजू ग्राहक बहुधा उशिरा लक्षात घेतात. मागणीच्या वेळचे वस्तूचे वर्णन नंतर संकेतस्थळावरून बदलले जाऊ शकते, म्हणून त्या पानाचे छायाचित्र, बिल, संदेश आणि खोके उघडतानाची चित्रफीत जपून ठेवणे उपयोगी पडते. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडण्याची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात अधोरेखित केली. तीच तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे. ग्राहक आयोगांची कार्यपद्धती संक्षिप्त असल्याने तेथे पुराव्याचे तांत्रिक नियम तितक्या काटेकोरपणे लागू होत नाहीत, तरीही मूळ मोबाइलमधील नोंदी पुसून टाकणे ग्राहकाच्या हिताचे नसते.

मर्यादा

समाजमाध्यमांवरून किंवा व्हॉट्सॲप गटांतून होणारी विक्री ही या व्यवस्थेची कमकुवत कडा आहे. कायदा अशा नियमित विक्रेत्यालाही लागू होतो, परंतु नोटीस बजावण्यासाठी पत्ता लागतो आणि हाती बहुधा फक्त एक मोबाइल क्रमांक असतो. आपली जुनी सायकल एखाद्या वेळी विकणाऱ्या खासगी व्यक्तीला ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. परदेशी विक्रेत्यांना ते लागू आहेत, मात्र आदेश बजावणे ही वेगळी गोष्ट आहे. एकतर्फी अटींचा करार अन्यायकारक ठरवून घेण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे जावे लागते. आठशे रुपयांच्या चपलांसाठी हे कोणी करत नाही, आणि एकतर्फी अटी टिकून राहण्याचे तेही एक कारण आहे.

विलंब ही दुसरी अडचण आहे. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची चाचणी करावी लागल्यास पाच महिन्यांत, तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. आयोगांतील अध्यक्ष व सदस्यांच्या रिक्त जागांमुळे हे वेळापत्रक अनेकदा पाळले जात नाही. या पदांच्या नेमणुकीसंबंधी २०२० च्या नियमांतील काही तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ सप्टेंबर २०२१ रोजी रद्द केल्या. ३ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. नवे नियम होईपर्यंत दहा वर्षांचा अनुभव असलेल्या पदवीधरांना पात्र मानावे आणि निवड लेखी परीक्षा व मुलाखतीद्वारे करावी, असे निर्देशही न्यायालयाने दिले.